आधी बाहेर पडायची वाट तपासा, मग ॲप निवडा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवृत्तीला ६ वर्षं आहेत. बदल्यांच्या निमित्तानं ज्या ज्या गावांत राहिले, तिथले वीरगळ (लढाईत कामी आलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा, देवळांवरचे लेख, जत्रेच्या प्रथा, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या हकिकती टिपत आले. हे सगळं आज ९ वह्यांत, फोनमधल्या ४,०००वर फोटोंत, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजांत आणि एका जुन्या पेनड्राइव्हवर विखुरलंय. पेनड्राइव्हवरच्या स्मरणिकेच्या फाइल उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. पुण्यातल्या भाच्यानं नोंदी ठेवायला नोशन नावाचं ॲप लावून दिलं, शाळेतले एक सर ऑब्सिडियन घ्या म्हणतात, मैत्रीण म्हणते गूगल कीप पुरे. वर्षभरात तिन्हींत थोडं थोडं भरलं आणि आता कुठं काय आहे तेच कळत नाही. गेल्या महिन्यात एका अभ्यासकांनी एका वीरगळाचं मोजमाप मागितलं. मी ते घेतलेलं आहे हे नक्की, पण सापडलं नाही. मी फिरते त्या गावांत बऱ्याचदा रेंज नसते. टायपिंग बहुतेक फोनवरच करते, घरी एक जुना लॅपटॉप आहे. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि माझ्यामागं हे कुणाला उघडता येईल का?

एक शिक्षिका, सातारा जिल्हा

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर ठरलं की पहिल्याचा निम्मा गुंता आपोआप सुटतो.

सॉफ्टवेअर निवडताना सगळे विचारतात की यात काय काय करता येतं. रंग, टॅग, तक्ते, आठवणीची घंटी. तुमच्यासारखं काम असलेल्या माणसानं आधी हे विचारावं की उद्या यातून बाहेर पडायचं झालं तर माझ्या नोंदी कुठल्या रूपात हाती येतील. कारण बाहेर पडायची वेळ येतेच. वंडरलिस्ट नावाचं कामांच्या याद्या ठेवणारं ॲप लाखो लोक वापरत होते. मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ साली विकत घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. एव्हरनोट तर नोंदी ठेवायच्या ॲपमधलं सगळ्यात गाजलेलं नाव. ती कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि २०२३च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदी आणि १ वही एवढीच मर्यादा आली. कंपन्या त्यांच्या हिशेबानं चालतात, त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. पण तुमचं काम पुढच्या ३० वर्षांचं आहे, आणि एवढा काळ एखादं ॲप जसंच्या तसं चालेल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

साधी मजकुराची फाइल मात्र कुठल्याही संगणकावर उघडते. नोटपॅडमध्ये उघडते, फोनवर उघडते. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं. जवळपास १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे १ कोटी चिठ्ठ्या तिथं तयार झाल्या. शब्द, तो कुठल्या ग्रंथात कुठं आला त्याचा संदर्भ आणि ते वाक्य, असा चिठ्ठीचा मामला. चिठ्ठ्या लिहिणारी पिढी गेली, तरी आज कप्पा उघडून कुणीही जाणकार ती चिठ्ठी वाचू शकतो आणि पुढचं काम करू शकतो. तुमच्या नोंदीही अशाच व्हायला हव्यात. एका नोंदीत एकच गोष्ट, तिचा ठावठिकाणा तिच्यातच, आणि वाचायला कुठल्याही खास यंत्राची गरज नाही.

आता या मापानं तुमची तिन्ही ॲप बघू.

गूगल कीप झटपट टिपायला उत्तम आहे. रेंज नसतानाही चालतं. पण शे-दोनशे चिठ्ठ्यांच्या पुढं त्यात नुसता ढीग होतो. लेबलं आहेत, पण वहीत वही, तालुक्यात गाव अशी रचना नाही. सगळं बाहेर काढायचं तर गूगलच्या टेकआउट सेवेतून निघतं, वेब पानांच्या फाइलींच्या रूपात. नोंदी हरवत नाहीत, पण पुढं वापरायला हात लागतो. बाजाराची यादी, गॅसचा नंबर, उद्याची मीटिंग यासाठी ते राहू द्या.

नोशन भाच्यानं प्रेमानं लावून दिलं असणार, आणि त्याच्या ऑफिसच्या कामाला ते चोख आहे. तुमच्या कामाला नाही. सगळा माल त्यांच्या सर्व्हरवर असतो. ऑफलाइन वापरायची सोय २०२५ साली आली, पण फुकटच्या खात्यात हवं ते पान आधी आठवणीनं फोनवर उतरवून ठेवावं लागतं, आणि गावात नेमकं न उतरवलेलं पानच लागतं. शिवाय फुकटच्या खात्यात एका फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे. आजच्या फोनमधला शिलालेखाचा चांगला फोटो ती सहज ओलांडतो. नोशनमधून मजकूर बाहेर काढता येतो, तेव्हा वर्षभरात भरलेलं वाया जाणार नाही.

तुमच्या सहकारी सरांचा सल्ला तत्त्वानं बरोबर आहे. ऑब्सिडियनमधली प्रत्येक नोंद ही तुमच्याच फोल्डरमधली एक साधी फाइल असते. ॲप काढून टाकलं तरी फोल्डर जागेवर. घरगुती वापराला पैसे नाहीत. अडचण एकच, फोन आणि लॅपटॉप यांच्यात नोंदी सारख्या ठेवायच्या तर एकतर त्यांची सिंक सेवा पैसे भरून घ्यायची, नाहीतर खटपट करून स्वतः जुळवायचं. तुम्ही लॅपटॉपवरच बसून काम करत असतात तर मी डोळे मिटून ऑब्सिडियन सांगितलं असतं.

तुम्ही टायपिंग फोनवर करता आणि रेंज नसते, म्हणून तुमच्यासाठी मी चौथं नाव सांगतो. जॉप्लिन. फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, अँड्रॉइड फोनवर आणि जुन्या लॅपटॉपवर दोन्हीकडं चालतं. नोंदी फोनमध्येच राहतात, त्यामुळं रेंज नसली तरी जुनं वाचता येतं आणि नवं लिहिता येतं. घरी वाय-फाय मिळालं की वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातून दोन्हीकडं सारखं होतं. गूगल ड्राइव्हला ते थेट जोडता येत नाही, तेव्हा वनड्राइव्हचं खातं काढा, तिथं ५ जीबी जागा मिळते. नुसत्या मजकुराला ती आयुष्यभर पुरेल. एक सवय लावून घ्या. गावाहून आलात की लॅपटॉप उघडण्याआधी फोनचं सिंक पूर्ण होऊ द्या. एकच नोंद दोन्हीकडं वेगवेगळी बदलली तर जॉप्लिन त्यातली एक प्रत वेगळ्या वहीत बाजूला ठेवतं, आणि मग कुठली खरी हे तुम्हालाच बघत बसावं लागतं.

बाहेर पडायची वाट जॉप्लिनमध्येही आहे, फक्त ती आपणहून चालावी लागते. आतल्या आत ते नोंदी स्वतःच्या साठ्यात ठेवतं. लॅपटॉपवर फाइल मेनूत जाऊन सगळं एक्स्पोर्ट करायचा पर्याय घ्यायचा आणि मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराचा प्रकार, निवडायचं. प्रत्येक नोंदीची साधी मजकूर फाइल होऊन फोल्डरात पडते. पगाराच्या दिवशी हे करा, म्हणजे विसरायला नको.

आणि निर्णय माझ्या शब्दावर घेऊ नका. आधी १०-१२ नोंदी भरा. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि त्यातली एखादी शोधा. मग सगळं एक्स्पोर्ट करून एक फाइल नोटपॅडमध्ये उघडा. जोडाक्षरं नीट दिसली, कोणती नोंद कोणत्या गावची ते कळलं, तर पुढं चला. यात कुठं अडलं तर ऑब्सिडियनवर हाच प्रयोग करा. बाकी नव्या ॲपांच्या शिफारशी आता ऐकू नका. वर्षभर तिन्हींत भरल्यानं तुमचं खरं नुकसान काय झालं, ते त्या मोजमाप मागणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलंच आहे.

आता मराठीतल्या शोधाबद्दल. हे कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त छळतं तेच. तुम्ही कऱ्हाड असं लिहिता. त्यातला तो आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरून त्याचा पाय मोडतात, काही साध्या र चा पाय मोडून त्यापुढं एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत, आणि एकात लिहिलेलं दुसऱ्यात शोधलं तर बहुतेक ॲप सरळ सांगतं की काही सापडलं नाही. तऱ्हा, पायऱ्या, दऱ्या, गुऱ्हाळ, सगळ्यांची हीच गत. ॲ चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात ठेवायच्या जागतिक पद्धतीत, स्वतंत्रपणे २००८ साली आलं, त्याआधीच्या आणि काही आजच्याही कीबोर्डांवर ते अ वर चंद्र देऊन बनतं. त्यात भर म्हणजे गाव कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड. आकडे कधी मराठी, कधी इंग्रजी. कदाचित तुमचं ते मोजमाप यातच कुठंतरी अडकलेलं असेल.

उपाय सोपा आहे. फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच कंपनीचा कीबोर्ड ठेवा आणि दोन्हींवर कऱ्हाड लिहून एकमेकांत सापडतं का ते बघा. मापं आणि तारखा कायम एकाच लिपीच्या आकड्यांत लिहा. आणि प्रत्येक नोंदीच्या तळाशी शोधशब्दांची एक ओळ घाला, तिच्यात गावाच्या नावाची सगळी रूपं, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा.

नोंद कशी असावी ते दाखवतो. समजा तुम्ही किकलीला गेलात, भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांच्या रांगा आहेत तिथं. पूर्ण आवाराची मिळून एक लांबलचक नोंद करू नका. एका दगडाची एक नोंद. शीर्षकात आधी गाव, मग वस्तू, मग क्रमांक: किकली वीरगळ ०४. खाली तालुका. मग जागा, पण अशी की अनोळखी माणूस सरळ तिथं जाऊन उभा राहील: देवळाच्या दारातून आत आल्यावर डाव्या हाताला भिंतीलगत चौथा. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये. मग चौकटी खालून वर: तळाला लढाई, त्यात घोडेस्वार आहे की पायदळ की गाईगुरं, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्यचंद्र आणि कलश. जे झिजलंय ते झिजलंय असंच लिहा, अंदाज करायचाच झाला तर अंदाज म्हणून वेगळ्या ओळीत. मग तारीख, फोटोंची नावं, आणि गावात त्या दगडाला काय म्हणतात, कुणी सांगितलं. या शेवटच्या ओळीत तुमच्या कामाचा सगळा प्राण आहे. मोजमाप उद्या दुसरं कुणी घेईल, ती हकिकत नाही मिळणार. आणि कधी कधी मोजमापही नाही मिळत. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, दगड हलतात, नव्या भिंतीत चिणले जातात, कुणी श्रद्धेनं त्यांना ऑइलपेंट फासतं. मग तुमची नोंद हाच त्याचा पुरावा उरतो.

वह्या म्हणाल तर जॉप्लिनमध्ये तालुक्याला एक वही करा, त्यापेक्षा खोल जाऊ नका. टॅगही मोजकेच, वीरगळ, सतीशिळा, लेख, जत्रा, हकिकत. टॅग वाढत गेले की नोंद कुठल्या टॅगाखाली टाकली हेच शोधायची पाळी येते.

फोटो जॉप्लिनमध्ये कोंबू नका. ४,००० फोटो सरासरी ४ एमबीचे धरले तरी १६ जीबी होतात. गूगलचं फुकट खातं १५ जीबीचं, त्यातच तुमचा ईमेलही आला. फोटोंसाठी एक बाहेरची हार्डडिस्क घ्या, तीत गावागावाचं फोल्डर करा, आणि नोंदीत फक्त फाइलचं नाव लिहा.

व्हॉट्सॲपवर स्वतःला फोटो पाठवणं आजपासून बंद करा, हे मात्र हात जोडून सांगतो. फोन फोटो काढताना त्याच फाइलीत तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते आणि चित्रही दाबलं जातं, शिलालेखाची बारीक अक्षरं त्यातच जातात. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, उघड्यावर थोडं थांबलात की पुरतं. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला फोटो वहीच्या पानाचा काढा, त्यावर गाव, तारीख आणि दगडाचा क्रमांक ठळक लिहून. दुसऱ्या फोटोत दगडाशेजारी फूटपट्टी ठेवा. पुढं दहा वर्षांनी फोटो चाळताना कुठला दगड कुठल्या गावचा ही शंकाच राहत नाही.

लॅपटॉपवर हात बसला की ट्रॉपी नावाचं सॉफ्टवेअर बघा. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्रानं ते २०१७ साली खास संशोधकांच्या फोटोंसाठी काढलं, आणि ते फुकट आहे. एका दगडाचे पाच फोटो एकत्र बांधून त्यावर टिपण आणि लेखाचं वाचन लिहिता येतं. पण ते पुढचं. पहिल्या वर्षी फोल्डर पुरेत.

पेनड्राइव्हवरच्या फाइल खराब झालेल्या नाहीत, धीर सोडू नका. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांत, श्रीलिपी असो की शिवाजी, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. स्मरणिका छापणाऱ्या प्रेसला किंवा डीटीपी करणाऱ्याला विचारून फाँटचं नाव मिळवा. त्या फाँटचं रूपांतर करणारं साधन वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत हमखास चुका होतात. मूळ फाइलही जपून ठेवा.

आधार, पासबुक, पासवर्ड असलं काहीही या नोंदींत नको. पासवर्डसाठी बिटवॉर्डनसारखं वेगळं ॲप असतं. हकिकती सांगणाऱ्यांचे फोन नंबरसुद्धा वेगळ्या कागदी वहीत ठेवा. उद्या हे सगळं तुम्ही कुणाला द्याल, तेव्हा त्यांचे नंबर सोबत जायला नकोत.

आता तुमच्यामागं काय. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून नोंद पुसली तर ती लॅपटॉपवरूनही पुसली जाते. म्हणून दर महिन्याच्या एक्स्पोर्टची एक प्रत हार्डडिस्कवर, आणि वर्षातून एकदा फोटोंसह दुसऱ्या डिस्कवर. ही दुसरी डिस्क तुमच्या घरात नको, पुण्याला भाच्याकडं ठेवा. नोशन लावून देणाऱ्या मुलाला हे काम आनंदानं जमेल. डिस्कच्या तोंडाशीच एक साधी फाइल ठेवा: यात काय आहे, फोल्डर कसे लावलेत, कुठली वही का अपुरी आहे, कुणाच्या हकिकती त्यांच्या हयातीत छापायच्या नाहीत. गूगल खातं सलग २ वर्षं कुणी वापरलं नाही तर गूगल ते पुसू शकतं. त्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे, तिथं एका विश्वासू माणसाचं नाव आजच घाला. आणि निवृत्तीच्या वेळी एक संपूर्ण प्रत तालुक्याच्या वाचनालयाला द्या. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळालाही पत्र लिहून विचारा. १९१०पासून ही संस्था असंच साहित्य सांभाळत आली आहे.

राहिल्या त्या ९ वह्या. त्या सगळ्या टाइप करायचा संकल्प सोडू नका, पण पहिल्या वहीपासून सुरुवातही करू नका. आधी प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढून घ्या, दोन रविवारांचं काम आहे. मग हकिकतींची वही काढा आणि ज्यांनी त्या सांगितल्या त्यांतली वयानं सगळ्यात थकलेली माणसं कोण, त्यांची पानं आधी टाइप करा. टाइप करताना तुम्हाला दिसेल की अमुक नाव अर्धवट लिहिलंय, तमुक ओढा कुठला ते कळत नाही, हा पाटील आजा की पणजा. त्या शंकांची वेगळी यादी करा आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती घेऊन त्यांच्याकडं जाऊन या.